टँटीच्या कबरीचा करार

आमच्या सरकारने टँटी केटुराला पुरायचं पहिल्यांदा ठरवलं, तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती आणि न्यूमोनिया होऊन इस्पितळात पडली होती. मंत्रिमंडळाने तातडीची बैठक घेतली, समिती नेमली, समितीला गाडी दिली, गाडीला ड्रायव्हर दिला. शवपेटीवर घालायचा झेंडा इस्त्री करून ठेवला. पोलिसांच्या बँडने एक संथ चाल बसवली. पाचव्या दिवशी टँटी उठून बसली आणि नर्सला म्हणाली, "या पेजेला मीठच नाही गं. खारा मासा मिळेल का कुठे?" रविवारी ती घरी आली.

समिती मात्र बरखास्त झाली नाही. एकदा गाडी मिळालेली समिती आमच्या बेटावर आजवर बरखास्त झालेली नाही.

मी लिंडेल क्लॅक्सटन. चाळीस वर्षं युनियनचा चिटणीस होतो. टँटीची पत्रं मी टाइप केली, तिच्या शिव्या गाळून सरकारला पाठवल्या आणि सरकारची उत्तरं शिव्या घालून तिला वाचून दाखवली. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं आहे.

तिचं पूर्ण नाव केटुरा वॉल्विन. टँटी म्हणजे मावशी. खरं तर ती एकट्या अर्नेस्टीनची मावशी, पण हाक मारायला निम्मं बेट होतं. उरलेलं निम्मं मालक, मुकादम आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे.

नवव्या वर्षी ती हाफमून मळ्यावर उसाच्या खुरपणीला लागली. ती तेवीस वर्षांची असताना मालकाने बायकांची मजुरी दिवसाला अर्धा पेनी कापली. लंडनमध्ये साखरेचा भाव पडला म्हणे. टँटीने कुदळ खाली ठेवली आणि मुकादमाला विचारलं, "भाव चढला होता तेव्हा मजुरी वाढवायला विसरलात वाटतं?"

मुकादम ओरडला, "तुला कुणी विचारलं?"

"मला कुणीच काही विचारत नाही. म्हणून मीच विचारते."

बेचाळीस बायका बांधावर बसल्या. तिसऱ्या दिवशी अख्खं बेट बसलं. पाचव्या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघं मेले, आणि शांतता बिघडवली म्हणून टँटीला नऊ महिन्यांची कैद झाली. गोळ्या झाडणाऱ्यांनी शांतता बिघडवली असं मॅजिस्ट्रेटला वाटलं नाही.

सुटून आल्यावर तिने एका चांभाराच्या छपरीत युनियन काढली. युनियन काढणं तेव्हा गुन्हा होता, म्हणून वहीवर नाव घातलं 'मयत फंड'. फौजदार तपासाला आला. "फंड कशासाठी? कोण मेलंय?"

"अजून कुणी नाही," टँटी म्हणाली, "पण मळ्याच्या मालकाची तब्येत मला बरी दिसत नाही."

चार वर्षांनी कायदा बदलला आणि युनियन उघडपणे भरली. अध्यक्ष कुणी व्हायचं यावर पुरुष मंडळी दोन दिवस भांडली. शिंप्याला मास्तर नको, मास्तरला शिंपी नको. शेवटी तोडगा निघाला, की लायक पुरुष सापडेपर्यंत केटुराने हंगामी अध्यक्ष राहावं. हा शोध एक्केचाळीस वर्षं चालला. दर वार्षिक सभेत ती व्यासपीठावरून विचारायची, "सापडला का रे कुणी?" सभा हसायची. ती हसायची नाही. पत्राच्या कागदावर शेवटपर्यंत 'हंगामी अध्यक्ष' असंच छापलेलं होतं, आणि दर वेळी त्या शब्दाखाली सही करताना तिचं पेन जरा जास्तच दाबलं जायचं.

मग स्वातंत्र्य आलं. मालक गेले, मळे सरकारचे झाले. तिसऱ्याच महिन्यात टँटीने संप पुकारला. शेतीमंत्री बिचारा रडकुंडीला आला. "टँटी, आता मळा आपलाच आहे ना!"

"मग आपलीच मजुरी आपल्याला द्यायला तुझा हात का अडतोय?"

त्या सरकारातला सगळ्यात हुशार माणूस क्लॉडियस हॅन्ली. ऊसतोड्याचा मुलगा. युनियनच्या पैशावर वकील झाला, युनियनच्या ट्रकवर उभा राहून बोलायला शिकला आणि पुढे पंतप्रधान झाला. प्रत्येक भाषणात तो सांगायचा, "मी टँटी केटुराच्या मांडीवर वाढलो." टँटी रेडिओ ऐकत म्हणायची, "मांडी माझी होती ना? मग मला कसं आठवत नाही?"

ती एक्क्याण्णव वर्षांची असताना तिचं हृदय कुरकुरायला लागलं आणि समितीच्या अंगात पुन्हा जीव आला. निवडणूक तोंडावर होती. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार म्हणजे दहा हजार माणसं, सगळी एका जागी, सगळी गप्प आणि सगळी मतदार. अशी सभा पैसे टाकूनही मिळत नाही. समितीने कार्यक्रमाची पुस्तिका आगाऊ छापून घेतली. चोवीस पानं. त्यात पंतप्रधानांचे फोटो नऊ, टँटीचे दोन. एका फोटोत पोलीस तिला पकडून नेत होते, पण तो पोलीस आताच्या गृहमंत्र्यांचा बाप निघाला, म्हणून फोटो अर्धा कापला होता. टँटी हवेतल्या हवेत कुणीतरी दंड धरल्यासारखी चाललेली दिसत होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी एल्मो सार्जंट तिला भेटायला आला. एल्मो सरकारी दफनभूमीतला खड्डे खणणारा. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, बोलायला लाजणारा माणूस. हातात एक भाजलेला नीरफणस होता. तो त्याने अर्नेस्टीनकडे दिला आणि पलंगाजवळ टोपी चुरगाळत उभा राहिला.

"टँटी, एक बोलायचं होतं. रागावू नकोस."

"बोल. रागवायला उठून बसावं लागतं, ते मला डॉक्टरने मना केलंय."

"तुझा खड्डा तीनदा खणून झालाय."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. टँटीने चष्मा नाकावर घेतला.

"तीनदा? मी एवढी जाडी आहे होय?"

"तसं नाही गं. वरून फोन येतो, टँटीचं काही खरं नाही, आजच खणा. आम्ही खणतो. मग तू जात नाहीस. मग पाऊस येतो, कडा ढासळतात, की पुन्हा खणा. बरं, मजुरीच्या फॉर्मवर मयताचं नाव आणि मृत्यूची तारीख असे रकाने आहेत. तारखेवाचून फॉर्म पुढे सरकत नाही. साहेब म्हणतात, बाई मेल्यावर घेऊन ये."

"म्हणजे मी जिवंत आहे म्हणून तुझी मजुरी अडली."

"मी तसं म्हटलं नाही, टँटी."

"तू कशाला म्हणशील? फॉर्मच म्हणतोय. किती वर्षं आहेस तिथे?"

"एकोणीस."

"कायम?"

"कुठलं कायम! हंगामी. आम्ही तिघंही. दर शुक्रवारी काढतात, दर सोमवारी घेतात."

मग टँटी म्हणाली, "लिंडेल, पाठीला उशी दे. आणि टाइपरायटर आण."

डॉक्टरच्या इंजेक्शनांनी तीन आठवड्यांत जे झालं नव्हतं, ते 'हंगामी' या एका शब्दाने केलं. तिच्या गालांवर रंग आला. तिने नोटीस सांगितली आणि मी टाइप केली. मागण्या चार. तिन्ही खणणाऱ्यांना कायम करा. तीन खड्ड्यांची मजुरी द्या. फॉर्मवरचा तारखेचा रकाना काढा. दुपारी चारनंतर कुणी काम करणार नाही, करायचंच असेल तर आदल्या दिवशी मंत्र्याची लेखी परवानगी आणि दीडपट मजुरी. हे मान्य होईपर्यंत मी, केटुरा वॉल्विन, सरकारी जमिनीत पुरून घेणार नाही. मध्येच माझं काही झालं तर मला एखाद्या कोळ्याच्या होडीतून नेऊन समुद्रात सोडावं. झेंडा नको, बँड नको, भाषण नको.

"शेवटचा शब्द दोनदा लिही," ती म्हणाली.

नोटीस पोचली आणि सरकारची धावपळ सुरू झाली. आधी एक सचिव आले. त्यांनी घाम पुसत सांगितलं, की कायम करायला सरकारची ना नाही, पण 'खणणारा' नावाची जागाच मंजूर नाही. दफनभूमीसाठी इंग्रजांच्या काळापासून एकच जागा मंजूर आहे, शववाहिनीच्या घोडागाडीवरचा गाडीवान, आणि ती भरलेली आहे.

"घोडागाडी कुठे आहे?" टँटीने विचारलं.

"घोडागाडी नाही."

"घोडा?"

"घोडाही नाही. पण गाडीवान कायम आहे."

"आणि तो असतो कुठे?"

सचिवांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. गाडीवान सध्या पंतप्रधानांच्या मतदारसंघ कार्यालयात चहा करत होता, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी पंतप्रधान स्वतः आले. तीन गाड्या, दोन फोटोग्राफर. टँटीने फोटोग्राफरांना अंगणातच थांबवलं. "तुम्ही कोंबड्यांचे काढा, त्यांना हौस आहे." क्लॉडियस हॅन्ली एकटा आत आला आणि खुर्चीत बसला. या घरात आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

"टँटी, कशा आहात?"

"तू पुस्तिका छापलीयस, तुला माहीत असणार."

तो ओशाळला. मग त्याने सुरुवात केली. विमानतळाच्या नव्या दालनाला टँटीचं नाव. चौकात टँटीचा पुतळा, ब्राँझचा, दीडपट उंचीचा.

"पुतळा घडवणारे मजूर कायम आहेत का?"

"टँटी, ते परदेशी कंत्राट आहे."

"मग परदेशातच ठेवा."

त्याने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, मी कामगारांचा वकील होतो. कायदा मला कळतो. संप करायला माणूस कामावर असावा लागतो. तुम्ही कुठल्या कामावर आहात? कशाच्या जोरावर संप करताय?"

"अरे, माझं मरायचं काम माझ्यावाचून दुसरं कोण करणार आहे?" टँटी म्हणाली. "ते मी बंद ठेवलंय."

क्लॉडियसला हसू आवरलं नाही. अर्नेस्टीनही दाराआड हसली. मग तो गंभीर झाला. "आणि समजा आम्ही नाही म्हटलं, आणि तुम्ही उद्याच गेलात?"

"तर परवा तू बाजारात उभा राहा आणि लोकांना सांग, की टँटी समुद्रात गेली, पण क्लॉडीच्या हातची माती तिने घेतली नाही. निवडणूक कधी आहे?"

"अकरा आठवड्यांनी."

"तेवढी थांबते मी. मला कुठे जायचंय?"

"तुम्ही स्वतःच्या मरणाचं राजकारण करताय, टँटी."

"राजकारण तू करतोयस, राजा. मी फक्त मजुरी मागतेय."

नवव्या दिवशी करार झाला. सह्या पलंगावरच झाल्या. एल्मोने आयुष्यात पहिल्यांदा मंत्र्याच्या शेजारी बसून सही केली आणि सही झाल्यावर पेन परत द्यायचं विसरला. जाताना क्लॉडियस म्हणाला, "आता तरी..." आणि थांबला.

"आता तरी काय?"

"आता तरी विश्रांती घ्या, म्हणत होतो."

"बघू," टँटी म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, की आयुष्यभर कारखाने आणि बंदरं बंद पाडलीत, आता या तीन माणसांसाठी एवढा जीव का आटवलात? तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "पस्तीस साली जे तिघं मेले, त्यातला एक माझा भाऊ. जोएल. पोलिसांनी तिघांना एकाच खड्ड्यात टाकलं आणि वर गवत लावलं. आईला जागा दाखवली नाही. खणणारा रोजंदारीवरचा म्हातारा होता. तो मागच्या दाराने आमच्याकडे आला आणि सांगून गेला, भिंतीपासून अकरा पावलं, चिंचेच्या बाजूला. साहेबाला कळलं. दुसऱ्या दिवशी त्याचं काम गेलं. हंगामी माणूस, त्याला काढायला कागदसुद्धा लागला नाही. मी तुरुंगातून येईपर्यंत तो मरून गेला होता. त्याचं नावही मला कळलं नाही, लिंडेल." इतक्या वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी टाइपरायटरवर झाकण घातलं.

निवडणूक क्लॉडियसने जिंकली. आणि टँटी त्यापुढे सहा वर्षं जगली.

सरकारला हा उघड उघड विश्वासघात वाटला. करार पाळूनही समोरचा पक्ष काम सुरू करत नाही, असं समितीच्या अध्यक्षाने मला एकदा अगदी तोंड पाडून ऐकवलं. छापलेल्या पुस्तिका वाळवीने खाल्ल्या. बँडमधले तीन वादक निवृत्त झाले आणि संथ चाल नव्यांना पुन्हा शिकवावी लागली. एल्मोने साठी गाठली, त्याला पेन्शन सुरू झालं, आणि तो दर बुधवारी टँटीबरोबर डॉमिनो खेळायला येऊ लागला. ती फसवायची आणि तो पकडायचा नाही. पंच्याण्णवाव्या वर्षी तिने नव्या हॉटेलच्या धुलाईघरातल्या बायकांची सभा स्वतःच्या अंगणात घेतली. त्या सभेला हॉटेलचा मॅनेजर फुलांचा गुच्छ घेऊन आला. टँटीने गुच्छ घेतला आणि त्याच्या देखत बकरीपुढे टाकला.

सत्त्याण्णव पूर्ण व्हायला महिना होता. एका मंगळवारी, सकाळचा कोको पिऊन झाल्यावर, ती खुर्चीतच गेली. कुणाला फोन झाला नाही, कुणी वाट बघत नव्हतं. समितीची गाडी त्या दिवशी गॅरेजमध्ये होती.

अंत्यसंस्काराला अख्खं बेट लोटलं. चर्चमध्ये एक वाजता सुरू झालेली भाषणं तीन वाजले तरी आटपेनात. दफनभूमीत पोचायला साडेतीन झाले. पेटी खाली उतरवली आणि पंतप्रधानांनी खिशातून आणखी काही कागद काढले. "दोनच शब्द," ते म्हणाले. गर्दीतून कुणीतरी सुस्कारा सोडला.

ते मांडीपर्यंत आले होते, टँटीच्या मांडीपर्यंत, तेव्हा चर्चच्या घड्याळात चार वाजले. एल्मोच्या जागी आलेला रोलंड आणि त्याचे दोघं जोडीदार यांनी फावडी मातीच्या ढिगात रोवली, हात धुतले आणि बदामाच्या झाडाखाली जाऊन बसले.

बांधकाममंत्री धावत गेले. "अरे, काय चाललंय?"

"चार वाजले, साहेब."

"पण माती कोण टाकणार?"

"आदल्या दिवशीची लेखी परवानगी आहे का? असली तर दाखवा, लगेच उठतो."

"अरे, ही टँटी आहे! तुमची टँटी!"

"हो ना, साहेब," रोलंड अगदी नम्रपणे म्हणाला, "तिनेच लिहिलंय."

मंत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पंतप्रधानांनी कागद खिशात घातले. दहा हजार माणसं बघत होती. क्लॉडियसने कोट काढून सचिवाच्या हातात दिला आणि फावडं उपटलं. मग नाइलाजाने बांधकाममंत्र्यांनी, आणि बायकोने कोपर मारल्यावर गृहमंत्र्यांनी. हाफमूनच्या जुन्या खुरपणीवाल्या पाच-सहा जणी अजून जिवंत होत्या, त्या पुढच्या रांगेत होत्या. त्यातली एक ओरडली, "वाकून, मंडळी, वाकून! कमरेला ताप आलाय का?" दुसरी म्हणाली, "याची अर्ध्या दिवसाचीच हजेरी लाव गं!" हसण्याची एक लाट मागच्या भिंतीपर्यंत गेली. गृहमंत्री लाल झाले. क्लॉडियस मात्र पाच मिनिटं चाचपडला आणि मग त्याचे हात सरळ चालायला लागले. ऊसतोड्याचा मुलगा होता. शेवटचा अर्धा ढीग त्याने एकट्याने, न थांबता लोटला. त्याच्या तोंडून त्या दिवशी पुढे एक शब्द निघाला नाही, आणि माझ्या मते टँटीबद्दल त्याने केलेलं तेच सगळ्यात चांगलं भाषण.

गर्दी पांगली. मी चालायला लागलो. डोक्यात सगळं जुळवत होतो, आधी रोलंडचं सांगायचं, मग गृहमंत्र्यांचं कोपर, मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या. नेहमीच्या गल्लीत वळलो, नेहमीचं फाटक ढकललं, पायरीवर पाय ठेवला, आणि तिथे मला कळलं की मी कुणाला सांगायला आलोय.

अर्नेस्टीन प्रार्थना संपल्याबरोबर स्वयंपाकासाठी घरी परतली होती. ती पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसत दारात आली. बकऱ्याच्या रश्शाचा वास येत होता.

"काय हो, लिंडेलदादा?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आतली खुर्ची ओढून ओट्यावर ठेवली आणि स्वतः पायरीवर बसली.

"मला सांगा," ती म्हणाली. "गल्लीतली पोरं सांगत गेली, क्लॉडीने फावडं उलटं धरलं होतं म्हणे?"

"पहिल्यांदा उलटंच," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.